रिगची पॉवर कमी पडते तेव्हा: नव्या हॅमसाठी तपासणीचा क्रम

१०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग, म्हणजे संदेश पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ संच, घेतला, पण वॉटमीटरचा काटा तीस-चाळीसच्या पुढे सरकत नाही, ही नव्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ चालकाची, नेहमीची तक्रार असते, आणि ती कानावर पडताच आजूबाजूची मंडळी ‘फायनल गेले असतील’ असे सांगून मोकळी होतात. फायनल म्हणजे रिगमधील शेवटच्या टप्प्याचे पॉवर ट्रान्झिस्टर. ते जातातही, मात्र तपासणीत त्यांचा नंबर अगदी शेवटी लागला पाहिजे, कारण पॉवर हरवण्याच्या बहुतेक जागा रिगच्या पेटीबाहेर असतात. एका बाजूला पॉवर सप्लायपासून रिगपर्यंतची तार असते आणि दुसऱ्या बाजूला रिगपासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंतची केबल. मुंबईची खारी, दमट हवा आणि उंच इमारती या दोन्ही बाजूंची परीक्षा पाहतात. म्हणून पुढील क्रम बाहेरून आत जाणारा आहे, आणि स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याची वेळ त्यात बऱ्याच उशिरा येते.

पॉवर खरोखरच कमी आहे का?

सर्वप्रथम कोणत्या मोडमध्ये मोजणी केली ते पाहावे. एसएसबी या एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या मोडमध्ये आपण बोलत नाही तेव्हा पॉवर जवळजवळ शून्य असते, आणि बोलताना ती आवाजाच्या चढउतारांबरोबर सतत बदलते. साध्या वॉटमीटरचा काटा या बदलांमागे धावू शकत नाही, तो सरासरी दाखवतो. त्यामुळे रिग शिखराला पूर्ण १०० वॉट देत असतानाही काटा पंचवीस-तीसच्या आसपास डोलत राहतो. ही बिघाडाची खूण नव्हे. मीटरवर शिखर-पॉवर दाखवणारे बटण असेल, तर त्याने चित्र काहीसे स्पष्ट होते, पण नि:शंक मोजणीसाठी स्थिर कॅरिअर, म्हणजे चढउतार नसलेली रेडिओलहर, हवा. त्यासाठी सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये की दाबावी. की नसेल तर एफएम किंवा आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) मोड निवडून पीटीटी (प्रसारणासाठी दाबायचे बटण) दाबावा. एएम मोड मात्र या कामी वापरू नये, कारण १०० वॉटच्या रिगचा एएममधील कॅरिअर मुळातच २५ वॉटच्या आसपास ठेवलेला असतो. त्याचप्रमाणे ट्यूनरचे (अँटेना रिगशी जुळवून देणाऱ्या सर्किटचे) बटण दाबल्यावर अनेक रिग आपणहून पॉवर १० वॉटच्या आसपास उतरवतात. तो आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न मीटरच्या अचूकतेचा. सर्वसाधारण वॉटमीटरची अचूकता पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितलेली असते. २०० वॉटच्या मापावर १० टक्के म्हणजे २० वॉट, आणि ही २० वॉटची ढिलाई मापावर कोठेही लागू होते. अशा मीटरवर १०० ऐवजी ८५ दिसले, तर दोष रिगचा की मीटरचा हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय समोरच्या स्टेशनच्या दृष्टीने पाहिले, तर १०० वॉटचे ५० वॉट होणे म्हणजे ३ डेसिबलची घट, अर्थात रिसीव्हरमध्ये सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर अर्धा एस-युनिट. त्यामुळे ८५ चे १०० करण्यासाठी रिग उघडणे हा वेळेचा अपव्यय आहे. शोध घ्यायचा तो निम्मी किंवा त्याहून जास्त पॉवर गायब असेल तेव्हा.

तिसरी गोष्ट सेटिंगची. मेन्यूतील आरएफ (रेडिओलहरींची) पॉवर कितीवर ठेवली आहे ते पाहावे, आणि ते प्रत्येक बँडवर स्वतंत्रपणे पाहावे, कारण काही रिगमध्ये प्रत्येक बँडचा आकडा वेगळा साठवलेला असतो. व्हीएचएफच्या (१४५ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या) मोबाइल (गाडीतल्या) आणि हँडी (हातातल्या) सेटमध्ये ‘लो’ पॉवर मेमरी चॅनेलबरोबर साठवली जाते, त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सीवर हाताने गेल्यास पूर्ण पॉवर मिळते आणि मेमरीतून गेल्यास मिळत नाही असा चकवा होतो. सेकंडहँड रिग असेल तर आधीच्या मालकाने काय काय बदलून ठेवले आहे ते सांगता येत नाही. हव्या त्या मेमरी लिहून घेऊन फॅक्टरी रिसेट करणे हा तेथे सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. आणि एक आठवण: आपल्या परवान्याच्या श्रेणीला जी पॉवरमर्यादा घालून दिली आहे, तिच्या आत रिग मुद्दाम ठेवलेला असेल, तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही.

डमी लोड: याच्याशिवाय पुढे जाऊ नये

अँटेना जोडून केलेली मोजणी दोन अज्ञात गोष्टी एकत्र मोजते. रिग आणि अँटेना यांना वेगळे करण्यासाठी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा आणि पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध, लागतो. तो विकत मिळतो, पण घरीही सहज बनतो: १ किलोओहमचे २ वॉटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट सहन करणारा लोड तयार होतो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे रेझिस्टर सुटे मिळतात; मागताना कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड मागावेत. तार गुंडाळलेले वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नयेत, कारण गुंडाळीमुळे त्यांच्यात इंडक्टन्स येते आणि एचएफला त्यांचे ५० ओहम ५० राहत नाहीत. तांब्याच्या दोन चकत्यांमध्ये हे रेझिस्टर आखूड पायांनी उभे झाळावेत आणि मल्टिमीटरने एकदा ५० ओहमची खात्री करावी. १०० वॉटची चाचणी त्यावर काही सेकंदच करावी, मग लोड निवू द्यावा.

वॉटमीटर हाताशी नसेल तर याच लोडवर एक डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून शिखर व्होल्टेज मोजता येते. मल्टिमीटरवर आलेल्या डीसी व्होल्टेजमध्ये डायोडचे ०.६ मिळवावे, बेरजेचा वर्ग करावा आणि १०० ने भागावे, की वॉटमध्ये पॉवर मिळते. १० वॉटला सुमारे ३१ व्होल्ट दिसले पाहिजेत. १एन४१४८ हा डायोड यासाठी २० वॉटपर्यंतच वापरावा. १०० वॉटला शिखर व्होल्टेज १०० आणि डायोडवर येणारे उलट व्होल्टेज त्याच्या दुप्पट होते, जे त्याला पेलत नाही. त्या वेळी लोडच्या उघड्या टोकाला हात लावू नये, आरएफचा चटका त्वचेच्या खाली खोलवर भाजतो.

आता निष्कर्ष सोपा होतो. डमी लोडवर पूर्ण पॉवर येत असेल तर रिग ठीक आहे, गच्चीकडे वळावे. डमी लोडवरही पॉवर कमी असेल तर आधी सप्लाय पाहावा.

सप्लाय आणि तार

माझा अनुभव असा, की नव्या हॅमच्या घरी दोष सर्वाधिक वेळा येथे सापडतो, आणि सर्वांत उशिरा पाहिलाही येथेच जातो. १०० वॉटचा रिग पूर्ण पॉवरला १३.८ व्होल्टवर २० ते २३ अँपिअर ओढतो. बहुतेक रिगच्या पुस्तिकेत १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के असे लिहिलेले असते, म्हणजे तळाची मर्यादा ११.७ व्होल्ट. सप्लायच्या टोकाशी मल्टिमीटर लावून १३.८ दिसले म्हणून लोक निर्धास्त होतात. पण रिग नुसता ऐकत असताना घेतलेले ते माप म्हणजे नळ बंद असताना पाइपातील दाब पाहून पाणी पुरेसे येते असे ठरवणे होय. व्होल्टेज पीटीटी दाबलेला असताना मोजावे, आणि ते सप्लायच्या टोकाशी नव्हे तर रिगच्या मागच्या प्लगजवळ मोजावे. अनेक नव्या रिगच्या पडद्यावर हे व्होल्टेज थेट दिसते, तेही चालेल.

तारेत किती व्होल्ट हरवतात याचा हिशेब करून पाहू. सप्लाय रिगपासून ३ मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून ६ मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीला सुमारे ०.१ ओहम; २२ अँपिअरला त्यात सव्वादोन व्होल्टहून अधिक खर्ची पडतात आणि रिगपाशी साडेअकरा उरतात. २.५ चौरस मिलिमीटर वापरल्यास घट ०.९ व्होल्टवर येते, ४ वापरल्यास ०.६ च्या आत. म्हणून ४ घ्यावी आणि सप्लाय जवळ आणावा. तार विकत घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहावे: आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे, आणि तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो.

तार चांगली असूनही व्होल्टेज पडत असेल तर फ्यूजहोल्डर पाहावेत. रिगच्या मूळ केबलीत दोन्ही तारांवर फ्यूज असतात, आणि समुद्राजवळच्या घरात त्यांच्या पितळी पट्ट्यांवर दोन पावसाळ्यांत हिरवट थर चढतो. थर दिसायला क्षुल्लक असतो, पण ०.०५ ओहमचा रोध २० अँपिअरला १ व्होल्ट खातो. शोधण्याची पद्धत अशी: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिना फ्यूजहोल्डरच्या दोन बाजूंना लावाव्यात आणि कोणाला तरी पीटीटी दाबायला सांगावे. शून्याच्या जवळ दिसले तर सांधा निर्दोष. अर्धा व्होल्ट दिसला तर तो सांधा साफ करावा किंवा बदलावा. असे एकेका सांध्यावर करत गेले की हरवलेले व्होल्ट कोठे आहेत ते नेमके सापडते. प्रसारणानंतर लगेच हात लावून गरम लागणारा सांधा हीही तेवढीच बोलकी खूण आहे.

सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी विकला जाणारा ‘१२ व्होल्ट ३० अँपिअर’चा जाळीदार पत्र्याचा सप्लाय अनेकजण रिगला लावतात. तो चालतो, पण १२ व्होल्टवर रिगची पॉवर थोडी कमीच मिळते. त्याच्या टर्मिनलशेजारी व्होल्टेज वाढवण्याचा छोटा प्रीसेट असतो. त्याच पट्टीवर अगदी बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, म्हणून प्रीसेट प्लॅस्टिकच्या दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरने, एकच हात वापरून फिरवावा. अशा सप्लायमधून एचएफच्या रिसीव्हरमध्ये खरखर येते हा वेगळा त्रास आहे. बॅटरीवर रिग चालवत असल्यास, पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि २० अँपिअरच्या ओढीखाली ती झपाट्याने खाली येते. तेथे १०० वॉटची अपेक्षाच धरू नये.

केबल, कनेक्टर आणि अँटेना

डमी लोडवर पूर्ण पॉवर मिळते पण अँटेनावर मिळत नाही, याचा बहुतेक वेळा अर्थ असा की रिगने आपला बचाव केला आहे. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचे माप, १ म्हणजे उत्तम) २ च्या पुढे जाऊ लागला की रिगमधील संरक्षण-सर्किट पॉवर खाली ओढते आणि ३ च्या आसपास ती पुष्कळच कमी होते. येथे अँटेना दुरुस्त करणे हाच उपाय आहे. संरक्षण ढिले करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

इमारतीच्या वरच्या मजल्यांपर्यंत जाणाऱ्या लांब केबलीत याच्या उलटही घडते, आणि ते जास्त फसवे असते. मीटर उत्तम एसडब्ल्यूआर दाखवतो, रिगही पूर्ण पॉवर देतो, पण कोणी ऐकत नाही. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबलीची घट १०० मीटरला २० डेसिबलच्या घरात असते. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून गच्चीपर्यंत ३० मीटर केबल गेली तर ५ ते ६ डेसिबल वाटेतच संपतात, म्हणजे ५० वॉटपैकी १३ ते १६ वॉट अँटेनाला पोहोचतात. आरजी-२१३ लावल्यास तोच आकडा २७ वॉटच्या आसपास येतो. ७ मेगाहर्ट्झला मात्र त्याच ३० मीटर आरजी-५८ ची घट जेमतेम सव्वा डेसिबल असते, त्यामुळे केवळ ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर बोलणाऱ्याने जाड केबलीसाठी खिसा रिकामा करू नये.

घट जास्त असलेली केबल एसडब्ल्यूआरही खोटा दाखवते. केबलीत एका दिशेने ५ डेसिबल घट असेल आणि वर अँटेना पूर्णपणे तुटून पडलेला असेल, तरी परतणारी लहर दोन्ही वाटांत मिळून १० डेसिबल खचते आणि खाली मीटरवर एसडब्ल्यूआर साधारण १.९ दिसतो. पावसाळ्यानंतर ‘एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला’ असे कोणी आनंदाने सांगू लागला, तर त्याच्या केबलीत पाणी शिरले आहे असे समजावे.

खात्री करण्याची पद्धत थोडी दमवणारी आहे, पण तिच्यात संशयाला जागा राहत नाही. वॉटमीटर आणि डमी लोड आधी रिगजवळ जोडून आकडा लिहावा. मग तेच दोन्ही गच्चीवर नेऊन अँटेनाच्या जागी जोडावेत आणि खाली सोबत्याला फोन करून पीटीटी दाबायला सांगावे. एकच मीटर दोन्ही ठिकाणी वापरल्याने त्याची चूक बरीचशी कटते आणि उरलेला फरक केबलीचा असतो. फरक केबलीच्या प्रकाराला शोभेल त्यापेक्षा बराच जास्त निघाला तर प्रथम वरचा पीएल-२५९ कनेक्टर कापून पाहावा. आतली जाळी चकचकीत तांबूस असायला हवी. ती काळवंडली असेल तर स्वच्छ तांबे दिसेपर्यंत केबल मागे कापत जावे, कारण जाळी वातीसारखी पाणी ओढून घेते आणि मीटर-दोन मीटरपर्यंत आत पोहोचवते. नवा कनेक्टर झाळताना मधली पिन सगळेच झाळतात, जाळी मात्र कडेच्या भोकांतून कनेक्टरच्या अंगाला झाळायची असते, तीच कच्ची राहते. वर रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, खालून वर गुंडाळावी, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात, आणि तिच्यावर साधी पीव्हीसी टेप उन्हापासून संरक्षण म्हणून द्यावी.

बाजारात आरजी-५८ या नावाने विरळ जाळीची केबलही मिळते. घेण्यापूर्वी सेंटिमीटरभर सोलून पाहावे, दुकानदार रागावत नाहीत. ७५ ओहमची टीव्हीची केबल लावल्यास एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास राहतो, ते चालून जाते. तिची अडचण अशी की तिची अॅल्युमिनियमची जाळी झाळताच येत नाही.

रिग उघडण्यापूर्वी मिळणारे संकेत

सप्लाय ठीक, डमी लोड जोडलेला, तरी पॉवर कमी: आता रिगकडे संशयाने पाहण्यास हरकत नाही, पण अजूनही झाकण न उघडता.

सीडब्ल्यू किंवा एफएममध्ये पूर्ण पॉवर आणि एसएसबीमध्ये शिखर-मीटरवरही कमी, असे असेल तर फायनल निर्दोष आहेत आणि दोष आवाजाच्या वाटेवर आहे: माइक गेन, माइकचा गंजलेला प्लग, किंवा मेन्यूमध्ये प्रसारणाचा आवाज माइकऐवजी यूएसबीकडून घेण्याचे राहून गेलेले सेटिंग. एफटी८ सारख्या डिजिटल मोडमध्ये संगणकाच्या आवाजाची पातळी पॉवर ठरवते. ती एएलसीचा (पॉवर आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या सर्किटचा) काटा जेमतेम हलेल इतकीच ठेवावी. रिगच्या मागे बाहेरील एएलसीची खाच असते. तिला रिगची पॉवर वाढवणाऱ्या जुन्या लिनिअर अॅम्प्लिफायरची तार अडकलेली राहिली असेल, तर तीही पॉवर दाबून ठेवू शकते. ती काढून पाहावी.

पॉवर सुरुवातीला पूर्ण आणि काही मिनिटांनी कमी, हे उष्णतेचे लक्षण आहे. २२ अँपिअर आणि १३.८ व्होल्ट म्हणजे ३०० वॉट आत जातात आणि १०० बाहेर पडतात. उरलेले २०० वॉट उष्णता होऊन मे महिन्यातल्या खोलीत सोडायचे असतात. पंखा फिरतो का, मागची जाळी धुळीने बुजली आहे का आणि रिग भिंतीला चिकटवून ठेवला आहे का, ते पाहावे.

एकाच बँडवर पॉवर कमी असेल तर त्या बँडचा लो पास फिल्टर (वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) किंवा तो निवडणारा रिले संशयित ठरतो. काही रिगमध्ये जवळचे दोन बँड एकच फिल्टर वापरतात, त्यामुळे जोडीने बँड पडले तर संशय पक्का होतो. आतला ट्यूनर बायपास केल्यावर पॉवर परतली तर ट्यूनरचे रिले खराब आहेत. दमट हवेत बराच काळ न वापरलेल्या रिगमधील रिलेच्या संपर्कांवर थर बसतो, आणि बँड अनेकदा बदलत राहिल्यावर पॉवर अधूनमधून परत येते. तसे झाले तर ते दुरुस्ती नव्हे, निदान समजावे.

सर्वांत उपयोगी संकेत सप्लायच्या अँपिअरमीटरवर मिळतो. पॉवर ४० वॉट आणि प्रवाह मात्र १८-२० अँपिअर, असे दिसल्यास फायनल मेहनत करत आहेत आणि पॉवर त्यांच्यापाशी किंवा त्यांच्यानंतर वाया जाते: फिल्टर, रिले किंवा जोडीतील एक ट्रान्झिस्टर. पॉवर कमी आणि प्रवाहही त्याच प्रमाणात कमी, असे असल्यास फायनलना पुरेसा ड्राइव्ह (आधीच्या टप्प्याकडून येणारा सिग्नल) मिळत नाही, किंवा एएलसीने त्यांना रोखले आहे. एसएसबीमध्ये काही न बोलता पीटीटी दाबल्यावर प्रवाह वाढायला हवा, कारण फायनल आणि त्यांच्या आधीचा टप्पा म्हणजे ड्रायव्हर यांचा बायस (सिग्नल नसतानाही त्यांना चालू ठेवणारे व्होल्टेज) तेव्हा चालू होतो. तो पुरेसा वाढत नसेल तर बायसकडे बोट जाते.

स्वतः बांधलेल्या रिगविषयी थोडे वेगळे. हैदराबादचे अशर फरहान यांच्या बिटएक्स मालिकेतील संच आपल्याकडे पुष्कळांच्या टेबलावर आहेत, आणि त्यांतील आयआरएफ५१० हा मुळात स्विचिंगसाठी बनलेला स्वस्त मॉस्फेट आहे. मायक्रोबिटएक्समध्ये ४० मीटर बँडवर १० वॉटच्या आसपास मिळणारी पॉवर १० मीटर (२८ मेगाहर्ट्झ) बँडवर बरीच खाली येते. तो रचनेचा स्वभाव आहे, तुमच्या झाळकामाचा दोष नाही. तेथे बायस प्रीसेट फिरवण्याआधी सप्लायच्या तारेत अँपिअरमीटर ठेवावा, प्रीसेट सर्वांत कमी बायसच्या टोकाला न्यावा, आणि बांधणीसूचनेतील आकडा येईपर्यंत हळूहळू वाढवावा. मीटरशिवाय फिरवलेला प्रीसेट क्षणात मॉस्फेट जाळतो.

कारखान्यात बनलेल्या रिगचे प्रीसेट मात्र नव्या माणसाने फिरवूच नयेत. ते फिरवून १०० चे १२० वॉट करण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातून समोरच्याला काहीच फरक ऐकू येत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या मंडळींना मात्र आपला फाटका आवाज ऐकावा लागतो. जुन्या बायपोलर पॉवर ट्रान्झिस्टरांच्या आतील पांढऱ्या चिनीमातीत बेरिलियम ऑक्साइड असू शकते, त्याची भुकटी श्वासातून गेल्यास विषारी असते. जळालेला ट्रान्झिस्टर फोडून पाहण्याची हौस आवरावी.

रिग दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच, तर सोबत एक कागद द्यावा. त्यावर प्रत्येक बँडवर डमी लोडवर मिळालेली पॉवर, त्या वेळचे रिगच्या प्लगजवळचे व्होल्टेज आणि सप्लायचा प्रवाह, न बोलता पीटीटी दाबल्यावरचा प्रवाह, तसेच ट्यूनर बायपास केल्यावर पडलेला फरक लिहावा. ‘पॉवर येत नाही’ एवढेच ऐकून काम सुरू करणारा कारागीर याच मोजण्यांनी सुरुवात करतो, आणि त्याच्या तासांचे पैसे आपल्याला द्यावे लागतात.